गेल्या वर्षीची नदी

कासवकाका अंतर जेवणांत मोजत. आमच्या माधवगंजातल्या चौकात कुणी सहज विचारलं, "काका, चंबळ यमुनेला मिळते ती जागा किती लांब?" की ते मान वर न करता सांगत, "उन्हाळ्यात एकवीस जेवणं. थंडीत अठरा, कारण थंडीत भूक लागते आणि माणूस जोरात वल्हवतो." शहरातल्याच सिटी सेंटरला जायचं म्हणजे त्यांच्या हिशेबात अर्धा चहा. विमानाला ते अंतर मानतच नसत. "त्यात जेवण ट्रेमध्ये येतं आणि संपायच्या आत परत नेतात. हा काय प्रवास झाला?"

ते भूगोलाचे निवृत्त शिक्षक. नाव वेगळं होतं, पण सावकाशपणामुळे मुलांनी ठेवलेलं 'कासव' त्यांनी स्वतःच घराच्या दारावर रंगवून घेतलं होतं. चंबळेच्या घाटावर त्यांची एक डोंगी होती. इंजिन नाही, शीड नाही, दोन वल्ही आणि एक लांब बांबू. त्या डोंगीतून ते एकदा प्रयागपर्यंत जाऊन आले होते. तिथं काय पाहिलं, असं विचारलं तर म्हणत, "प्रयाग सगळ्यांनीच पाहिलंय. मी मधलं पाहिलं."

मी त्यांच्या शेजारची. माझे बाबा जयेंद्रगंजातल्या एका छापखान्यात आयुष्यभर पत्रकं छापत आले, त्यामुळे मी अक्षरं शिकले तीच 'निषेध' आणि 'आवाहन' या शब्दांवरून. कासवकाकांना माझी घाई आवडत नसे. "तुझं पत्रक वाऱ्यावर जातं, पोरी," ते म्हणत. "जरा पाण्यावर सोडून बघ." मी तेव्हा हसायचे. आता हसत नाही. हा लेखही मी शांत मनानं लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकते.

दर वर्षी दसऱ्यानंतर पावसाचं पाणी ओसरलं की काका डोंगी घेऊन निघत आणि बांबू बुडवून बुडवून नदीची खोली मोजत. कुठं कमरेइतकं, कुठं गुडघाभर, कुठं वाळूचं नवं बेट, कोणत्या वाळूत सुसरी अंडी घालतील, पाणचिरे पक्षी कुठं बसतील, सगळं वहीत नकाशासकट उतरवत. पावसाळा वाळू हलवतो, म्हणून वही दर वर्षी नवी. आणि जुनी? ती ते दिवाळीत फाडत. तिच्या पानांत चिवड्याचे पुडे बांधून आप्तांकडे पाठवत. आमच्या घरी दोन वर्षं एकाच वळणाचा नकाशा आला होता, दोन्ही वेळा वाळू वेगळ्या काठाला. "मेलेली नदी जपून काय करायची?" ते म्हणत. "तिच्यात फराळ तरी राहू दे."

त्यांचा सख्खा भाचा नितीनदादा. एका श्रावणात तो मिठाईचा डबा घेऊन आला, मामांच्या पाया पडला आणि मामा चहा टाकायला आत गेले तेवढ्यात त्यानं मोबाइलवर वहीचं पानन्‌पान टिपून घेतलं. मी पलीकडच्या खुर्चीत होते. मला वाटलं, कौतुकानं घेतोय. काकांनी बाहेर येऊन पाहिलं, रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "नितीन, ही गेल्या वर्षीची आहे. नवी दसऱ्यानंतर."

"अहो मामा, टेन्शन नका घेऊ. नदी कहाँ जाएगी?"

होळी झाल्यावर त्याची लाँच आली. गुळगुळीत कागदावरच्या जाहिरातीत 'संथ, निसर्गस्नेही जलप्रवास' असं छापलं होतं आणि खाली काकांचे नकाशे, काकांच्याच अक्षरात. 'मधलं पाहा' हे वाक्यसुद्धा चोरलं होतं! इंजिनाच्या आवाजानं सुसरी वाळूवरून पाण्यात पळायच्या, आणि लाटा थेट पाणचिऱ्यांच्या बेटावर चढायच्या. मी रातोरात पत्रक लिहिलं. काकांनी ते वाचलं, शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि म्हणाले, "शनिवारी डोंगीत ये. पत्रकं घेऊन ये."

शनिवारी आम्ही एका वळणाजवळ नांगर टाकून भाकरी खात होतो. लाँच आली, भरधाव, आणि नकाशात जिथं खोल धार होती तिथं वाळूत रुतली. पाणी गुडघाभर. पांढऱ्या कपड्यांतले पाच पाहुणे आणि नितीनदादा टोपी धरून उभे. काकांनी भाकरी संपवली. मग हात धुतले. मग डोंगी सोडली.

"मामा, जल्दी करा ना!"

"घाई असेल तर चालत ये. सुसरी तिथंच आहेत, सोबत होईल."

पाहुण्यांना त्यांनी दोन फेऱ्यांत काठावर पोचवलं. डोंगीत प्रत्येकाच्या हातात मी एक पत्रक ठेवलं. वाचण्याशिवाय त्यांना दुसरं काम नव्हतं. नितीनदादाला मात्र घाटापर्यंत न्यायचं ठरलं. काकांनी वल्ही त्याच्या हातात दिली. "माझा खांदा दुखतो. वल्हव." दोन जेवणांचं अंतर. घाट येईपर्यंत त्याच्या तळव्यांना फोड आले होते आणि काका त्याला प्रत्येक वळणाचं नाव सांगत होते, जसं वर्गात सांगत.

मला तो सूड फार गोड लागला. काकांना विचारलं तर म्हणाले, "सूड कसला? शिकवणी होती. नापास झाला."

त्याच भाद्रपदात कासवकाका गेले. दवाखान्यात शेवटचं मला म्हणाले, "दसऱ्यानंतर बांबू घेऊन जा. मल्लाह वाट दाखवतील." तेराव्याला नितीनदादा आला. डोळे पुसून म्हणाला, मामांच्या नावानं नवी लाँच चालवू, पण नवी वही कोण करणार? घाटावरच्या मल्लाहांना, म्हणजे नावाड्यांना, त्यानं आधीच विचारलं होतं; काकांना ते मास्तरसाहेब या अर्थानं 'मास्साब' म्हणत. त्यांनी सांगितलं होतं, "साब, नदी तो मास्साब के पास थी।"

मी कोपऱ्यातला बांबू उचलून त्याच्यापुढे धरला. "काकांनी नवी वही नाही ठेवली, दादा. हा ठेवलाय. डोंगी घाटावर आहे. वल्हव आणि मोज."

तो आपल्या तळव्यांकडे बघत राहिला. मग उठून गेला. वाळूतून ओढून आणलेली त्याची लाँच अजून घाटावर, उन्हात, उलटी पडून आहे.

दसऱ्यानंतर मीच जाते. पहिल्या वर्षी यमुनेपर्यंत मला सव्वीस जेवणं लागली, आता तेवीस. वही कुणाला दाखवत नाही. दिवाळीला मात्र जुनी फाडते, आणि पहिला चिवड्याचा पुडा नितीनदादाकडे पाठवते. नकाशाची बाजू वर ठेवून, सुसरींच्या वाळूवर दोऱ्याची गाठ मारून. कोपऱ्यात काकांसारखं अक्षर काढायचा प्रयत्न करत लिहिते: ही गेल्या वर्षीची आहे.