डोंबिवलीच्या गंजी आणि पाठीवरचा बंब

माझी धाकटी बहीण गोदा डोंबिवलीत दिली आहे. गेल्या उन्हाळ्यात तिच्या सासरची गवताची एक गंजी जळाली, आणि त्या घराचं वर्षाचं पोट गवतावर. म्हणून आमच्या आबांनी आग विझवायचा, पाठीवर घ्यायचा बंब घडवला. आबा म्हणजे ठाण्यातले पहिल्या नंबरचे तांबट. मुलगा सांगतोय, तरी खरं आहे. बंब पोचवायला मी निघालो.

आगगाडी आहे, पण जड तांबं घेऊन होडीच बरी. भरती लागताच निघावं, भाडं आधी ठरवावं, भाकरी सोबत घ्यावी. वाटेत मिठागरांशिवाय काही नाही.

"पाठीवर हंडा कशाला रे घेतलास?" होडीवाल्याने विचारलं.

मग काय, मी खाडीभर त्याला समजावत बसलो. पाठीवर पाण्याची टाकी, तिच्या बुडातून चामडी नळी, नळीच्या टोकाला हातात पितळी पिचकारी. दट्ट्या ओढला की टाकीतलं पाणी पिचकारीत येतं, ढकलला की लांब उडतं. मधली चामड्याची झडप पाणी मागे जाऊ देत नाही. बिचाऱ्याने ऐकून घेतलं.

गोदाच्या सासऱ्यांनी, नानांनी, आधी बंबाची पूजा मांडली. नवं औतसुद्धा पूजेशिवाय शेतात जात नाही त्यांच्याकडे. हळदकुंकू लागलं, टाकीच्या उघड्या तोंडावर मूठभर अक्षता पडल्या. मग तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. तिकडे गेलात तर ही चुकवू नका.

हात धुतो न धुतो तोच चुलीतली ठिणगी उडून कडेची गंजी पेटली. टाकी भरलेलीच होती. ती चढवून मी धावलो. दट्ट्या ओढला, ढकलला; पाणी गुडगुडत परत टाकीत. पुन्हा तेच. मागे बाकीच्या गंजी उभ्या, आणि मी नुसता दट्ट्या हाणतोय.

"दादा, खाली बस. झडप मिटत नाहीये." गोदा होती. आबांच्या भट्टीशेजारी वाढलेली पोर. तिने पिचकारी उघडली, नखाने झडपेतला तांदूळ काढला, पुन्हा आवळली आणि टाकी स्वतःच्या पाठीवर घेतली. सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर घसरला, तिला भान नव्हतं.

"जाळावर नको मारू, बुडाशी मार," मी ओरडलो.

"ठाऊक आहे. तू पाणी आण."

मी आणत राहिलो. ती गंजी अर्धी गेली, बाकी साऱ्या वाचल्या. माझी छाती अभिमानाने भरून आली होती, आणि हे मी तिला तिथेच सांगितलं.

ओहोटीबरोबर ठाण्याला परतलो. आबा दारातच होते. "बंब चालला का रे?"

"नानांनी अजून दोन मागितलेत. म्हणाले, वापर शिकवायला माणूस पाठवू नका. आमची सून शिकवेल गावाला."

आबा तसेच आळीत उतरले. मग सगळ्या तांबट आळीला हाका मारून त्यांनी मला ओट्यावर उभं केलं आणि म्हणाले, "आता पहिल्यापासून सांग. गोदाचं नाव मोठ्याने घे."