बांगड्यांखालचा मळ

एकाच महिन्यात तिसऱ्या बाळाची बेंबी पिकली तेव्हा डॉक्टरांनी मला आत बोलावलं. पन्नासच्या दशकातली गोष्ट. पनवेलच्या एका छोट्या मॅटर्निटी होममध्ये मी सिस्टर होते.

नाळ कापल्यावर बाळाची बेंबी म्हणजे उघडी जखमच. तिथून जंतू शिरले की रक्तात पसरतात.

“कात्री उकळता ना?”

“हो. दोरासुद्धा.”

“मग हात बघा. सगळ्यांचे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेसिनपाशी उभी राहिले. बाळांना आंघोळ घालायची आमची आया हिराबाई. उरणकडची, नवरा मासेमारीच्या होडीवर. तिनं कार्बोलिक साबणानं हात छान चोळले. पण मनगटभर हिरव्या बांगड्या. त्यांच्याखाली साबण पोचतच नव्हता. आंघोळ घालताना तिथला मळ ओला होऊन बाळाच्या पोटावर ठिबकत होता.

“हिराबाई, ड्युटीवर बांगड्या काढाव्या लागतील.”

“नाय सिस्टरबाय. मालक दर्यात हाय. बोडक्या हातानं कशी ऱ्हाऊ?”

डॉक्टर म्हणाले, “ऐकत नसेल तर झाडूकाम द्या.” त्यांचं चूक नव्हतं. पण तिच्या हातात गेलं की रडणारं पोर गप्प व्हायचं. तसं सांगायला माझी जीभ रेटेना.

दुपारी ते तिसरं बाळ गेलं. नेऱ्याहून आलेल्या बाईचं, तिचं पहिलंच. त्या बाईची आई नुसती भिंतीला टेकून बसली होती. हिराबाई कोपऱ्यात रडत होती. “काल माज्याच हातान व्हता गं.”

तिच्या पाठीवर हात ठेवला आणि माझं मनगट मला दिसलं. दोन-दोन काचेच्या बांगड्या. त्याच हातांनी मी रोज बेंबीचं ड्रेसिंग करत होते.

बेसिनपाशी गेले, साबण लावून बांगड्या काढायला लागले. एक तडकली.

“बाय, नको असा करू!” हिराबाई धावली. माझ्या मोकळ्या हातांकडे बघत राहिली. मग तिनं बँडेजची पट्टी फाडली, आपल्या बांगड्या उतरवून तीत ओवल्या आणि गळ्यात बांधून चोळीत सोडल्या. “अंगावर हायेत ना? मंग झाला.”

डॉक्टरांनी नियम केला, कोपराखाली काही नको. स्वतःचं घड्याळही काढलं. पुढे कित्येक महिने एकही बेंबी पिकली नाही. हिराबाईचा नवराही सुखरूप परतला.

ते बाळ तिच्या बांगड्यांनी गेलं की माझ्या, हे कधी कळलं नाही. दुसऱ्याचे हात तपासायला मी आपले न बघताच उभी राहिले होते, एवढं मात्र खरं.