निर्मलाताईंचा तंबोला

निर्मलाताई सोनटक्के यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी आडवा होतो. आजारी नव्हतो. आनंद नगरमध्ये पिठाच्या गिरणीच्या वर त्यांच्या होमकेअर कंपनीचं ऑफिस आहे, तिथे मी हिशेबनीस आणि ऑफिस सांभाळणारा म्हणून मुलाखतीला गेलो होतो. प्रमाणपत्रांची फाइल काखेत धरून आत शिरलो, तर एक ठेंगण्या बाई पलंगाशी उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोर सात-आठ मुली ओळीनं उभ्या होत्या. बाईंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "वजन किती?"

"अठ्ठ्याहत्तर," मी म्हणालो.

"उत्तम. चपला काढा आणि झोपा."

पुढची वीस मिनिटं त्या मुलींनी मला या कुशीवरून त्या कुशीवर वळवलं आणि मी पलंगावर असतानाच माझ्याखालची चादर दोनदा बदलली. त्या दिवशी यायचा सरावाचा पेशंट आला नव्हता, हे मला नंतर कळलं. मला बसतं करून ताईंनी विचारलं, "कुठली मुलगी आपटते?" मी घाबरत घाबरत एकीकडे बोट दाखवलं. ताई म्हणाल्या, "खरं बोलता. सोमवारपासून या." फाइल त्यांनी आजतागायत उघडलेली नाही.

ज्यांचा ताईंशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ताईंचं माहेर अमरावतीकडचं. लग्न होऊन त्या भोपाळला आल्या आणि इथल्या एका मोठ्या कारखान्याच्या दवाखान्यात त्यांनी सिस्टर म्हणून निवृत्तीपर्यंत नोकरी केली. निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळात जातात. ताईंनी दोन निवृत्त मैत्रिणींना हाताशी धरून ही कंपनी काढली. घरोघरी अंथरुणाला खिळलेल्या माणसांची शुश्रूषा करायला शिकलेल्या मुली पाठवणं हे आमचं काम. मराठी कर्मचारी त्यांना ताई म्हणतात, बाकीच्या 'बड़ी दीदी'. त्या स्वतः दोन्ही भाषा एकाच वाक्यात बोलतात. एखादी मुलगी उशिरा आली की, "घड्याळ आहे का नाही तेरे घर में?" असं होतं, आणि त्या मुलीला व्याकरणातली चूक काढण्याचं धैर्य होत नाही.

ताईंच्या शिस्तीच्या अनेक कथा ताईंच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात इतरांनी लिहिल्या असतील. नखं तपासणं, चहाच्या कपाचा पाठीमागून वास घेणं, वगैरे. मी एकच हकिगत सांगणार आहे, कारण ती जवळून पाहिली आणि तिच्यातल्या निम्म्या गोंधळाचा कर्ता मी स्वतः होतो.

गेल्या वर्षीच्या थंडीत ताईंनी ठरवलं की गरीब घरांतल्या पेशंटांना पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेच्या गाद्या उसन्या द्यायच्या, फुकट. त्यासाठी निधी हवा. कर्मचाऱ्यांची सभा झाली. कुणी म्हणालं पुरणपोळ्या विकू, कुणी म्हणालं अंताक्षरी ठेवू. शेवटी तंबोला ठरला. आकडे ताईंनी पुकारायचे, तिकिटं आम्ही खपवायची. आमच्या फिजिओथेरपिस्टनं तर व्यायाम घेता घेताच विक्री सुरू केली: "पाय वर... पाय खाली... किती तिकिटं देऊ?" ताईंच्या कानावर जाताच त्यांनी ते बंद केलं. "दुखत असताना माणूस कशालाही हो म्हणतो. ती तिकिटं परत घे."

मुख्य देणगीदारही मिळाले होते. अरेरा कॉलोनीतले एक बांधकाम व्यावसायिक. त्यांच्या वडिलांची शुश्रूषा आमच्याकडे होती. त्यांचं नाव या लेखात लिहू का, असं मी विचारलं. चिरंजीव म्हणाले, "लिहा, पण आधी वडिलांना विचारा." वडील म्हणाले, "नाव लिहू नका, गोष्ट मात्र सगळी लिहा." म्हणून वडिलांना इथे नुसतं अण्णा म्हणतो. अण्णा कारखान्यातले जुने फोरमन, वय ब्याऐंशी, एका बाजूला अर्धांग, चाकाच्या खुर्चीत. बुद्धी मात्र तल्लख. चिरंजीवांनी दहा गाद्या देण्याचं कबूल केलं होतं.

अण्णांकडे आमची सरिता जायची. मूळची सीहोरकडची, अण्णांकडून मराठी शिकलेली, त्यामुळे फोरमनसारखी मराठी बोलणारी. कार्यक्रमाला दहा दिवस असताना अण्णांचं कानाचं यंत्र नाहीसं झालं. ते महागडं, परदेशी बनावटीचं होतं. घरभर शोधाशोध झाली आणि मग, सरिता संध्याकाळी निघाली तेव्हा, चिरंजीवांनी तिची बॅग दारातच उपसली. शेजारी बघत होते. बॅगेत डबा, कंगवा आणि मुलाच्या शाळेचं प्रगतिपुस्तक निघालं. यंत्र निघालं नाही, पण संशय गेला नाही. सरिता रडत ऑफिसात आली.

ताईंनी तिला पाणी दिलं, स्वतःच्या अंगात स्वेटर चढवला आणि मला म्हणाल्या, "पराग, चल."

अरेरा कॉलोनीत चिरंजीवांच्या दिवाणखान्यात पोचल्यावर ताईंनी स्वतःची पर्स काचेच्या टेबलावर उलटी केली. थर्मामीटर, सेफ्टी पिनांची माळ, हिंगाच्या गोळ्या, अर्धी तिळाची वडी, बी.पी.च्या मशीनचा रबरी फुगा आणि कुणाचा तरी खालचा दात, कागदात गुंडाळलेला.

"हे काय?" चिरंजीव म्हणाले.

"मीही तुमच्या घरी येऊन गेलेय गेल्या आठवड्यात. तपासा," ताई म्हणाल्या. "आणि एक सांगा, एका कानाचं यंत्र चोरून सरिता काय करणार? तिला दोन्ही कानांनी ऐकू येतं."

चिरंजीव चिडले. सरिताला कामावरून काढा आणि लेखी माफी द्या, नाहीतर गाद्या विसरा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी ताईंच्या पदराकडे बघत होतो, कारण तोंडाकडे बघण्याची हिंमत नव्हती. ताईंनी एकेक वस्तू पर्समध्ये भरली, दात शेवटी, आणि म्हणाल्या, "गाद्या तुमच्याकडेच राहू द्या. सरिता आमच्याकडे राहील."

"मग वडिलांकडे उद्या दुसरी मुलगी पाठवा."

"दुसऱ्या मुलीच्या बॅगेचं काय करणार तुम्ही? नाही पाठवत. पण अण्णांचं अंग पुसायचं राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई स्वतः गेल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई, एक गुडघा बिघडलेला, रिक्षातून आनंद नगर ते अरेरा कॉलोनी, सकाळ-संध्याकाळ. आम्ही सगळ्यांनी विरोध केला. "भांडण मुलाशी आहे, पाठ अण्णांची आहे," एवढंच त्या म्हणाल्या. चौथ्या दिवशी परत आल्या तेव्हा चेहरा वेगळाच होता. सरिताला जवळ बसवून म्हणाल्या, "तू काहीही केलेलं नाहीस, हे मला आता पक्कं ठाऊक आहे."

"कसं कळलं?" मी विचारलं.

"ते विचारू नकोस. शब्द दिलाय."

"मग चिरंजीवांना सांगा ना! मुलीवरचा आळ जाईल, गाद्याही येतील!"

"पेशंटला शब्द दिलाय, पराग." आणि त्या नखं तपासायला उठल्या. मला त्यांचा तेव्हा राग आला होता, हे आज कबूल करतो. सरितालाही आला असावा. दोन दिवस ती ताईंशी कामापुरतंच बोलत होती आणि ताई ते निमूट सोसत होत्या.

इकडे मी दुसराच घोळ करून ठेवला होता. 'अंथरुणाला खिळलेल्यांसाठी भव्य तंबोला' असा मजकूर मी छापायला दिला. पत्रकं आली तेव्हा ती मी न वाचताच गावभर वाटली. त्यावर छापलं होतं, 'अंथरुणाला खिळलेल्यांचा भव्य तंबोला'. प्रेसवाल्याला जाब विचारला तर तो शांतपणे म्हणाला, "भाईसाब, लाइन में बैठ नहीं रहा था, तो अपन ने छोटा कर दिया."

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी अयोध्या नगरच्या एका शाळेच्या सभागृहात आम्ही खुर्च्या मांडत होतो. चार वाजता पहिली चाकाची खुर्ची आली. मग दुसरी. मग एक आजोबा आरामखुर्चीसकट टेम्पोतून उतरले. एक आजी तर दोन नातवांच्या हातांच्या पाळण्यात बसून आल्या, नाकात नथ, हातात पत्रक. "आमच्यासाठीच आहे ना हे?" त्यांनी विचारलं. मी घामाघूम होऊन ताईंकडे पळालो. ताईंनी सभागृहभर नजर फिरवली. घराबाहेर महिनोन्महिने न पडलेली माणसं नव्या शाली पांघरून बसली होती.

"हे आधी आपल्याला कसं सुचलं नाही रे?" ताई म्हणाल्या. "मांडलेल्या खुर्च्या उचल. यांनी आपापल्या आणल्यात."

आणि अण्णाही आले! पत्रक वाचल्यापासून, नेल्याशिवाय चहा घेणार नाही असा त्यांनी घरी हट्ट धरला होता. सून खुर्ची ढकलत होती, चिरंजीव मागे, तोंड आंबट. सरिता तिकिटांच्या टेबलाशी होती. तिनं अण्णांना तिकीट दिलं, शाल सारखी केली आणि चिरंजीवांकडे न बघता पुढच्या माणसाकडे वळली.

ताईंनी आकडे पुकारायला सुरुवात केली. साऱ्या जन्माची सिस्टर, त्यामुळे पुकारायची रीतही तशीच. "ऐंशी! खालचं बी.पी., उत्तम!" "सदतीस! ताप नाही!" सभागृह खूश. तेवढ्यात माइक बंद पडला. ताई ओरडू लागल्या, पण मागच्यांना पुढचं ऐकू येईना आणि पुढच्यांना तसंही येत नव्हतंच. अण्णा कासावीस. त्यांचे मोजके आकडे राहिले होते. ते शेजारच्या आजोबांना विचारत, "काय म्हणाल्या?" आणि शेजारचे आजोबा त्यांना विचारत, "काय म्हणाल्या?"

शेवटी अण्णांना राहवेना. चांगल्या हातानं त्यांनी डोक्यावरची कानटोपी ओढून काढली, तिच्या दुमडीतून काहीतरी काढलं, कानात बसवलं आणि मान ताठ करून ताईंकडे पाहिलं. ताईंनी हातातल्या आकड्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं आणि स्वच्छ आवाजात पुकारलं, "बहात्तर! नाडी अगदी बरोबर!"

"फुल हाउस!" अण्णा गरजले.

ओळखीच्या सगळ्यांच्या नजरा त्यांच्या कानावर खिळल्या. चिरंजीव उठून उभे राहिले. दहा दिवस सगळं घर उलटंपालटं केलं, ते यंत्र कानापासून चार बोटांवर होतं.

ताई व्यासपीठावरून उतरल्या. मला वाटलं, आता बोलणार. त्यांनी चष्मा लावून आधी अण्णांचं तिकीट तपासलं. "अण्णा, एकोणतीस मी काढलेलाच नाही. तिकीट बाद."

सभागृह हसलं. अण्णाही हसले, आणि मग हसता हसता थांबले. त्यांनी सरिताला हाक मारली. ती आली.

"यंत्र मीच लपवलं होतं," अण्णा सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले. "घरात दिवसभर प्लॉटचे भाव. कान किटले होते. दोन दिवस शांतता हवी होती. पुढे हिच्यावर आळ आला आणि मला सांगायची लाज वाटली. अंग पुसताना टोपीतून ते या बाईंच्या हातात पडलं, तर त्यांनाही मीच गप्प बसवलं. तुम्हीच सांगा म्हणून त्या रोज माझ्या मागे लागल्या होत्या. बहिऱ्याला गप्प बसणं फार सोपं असतं, पोरी. मला माफ कर."

सरिताचे डोळे भरले होते, पण आवाज फोरमनचा होता. "मशीन मिळालं ना? मग आता नीट ऐका. दुपारची गोळी घेतली का?"

अण्णांनी मान खाली घातली. घेतली नव्हती.

चिरंजीव ताईंजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, मी उद्या ऑफिसात येऊन तिची माफी मागतो." ताई म्हणाल्या, "बॅग चार लोकांत उपसलीत. माफी एकांतात कशी चालेल?" त्या भल्या माणसानं तिथेच, सर्वांसमोर सरितापुढे हात जोडले. हे लिहिताना त्यांच्याबद्दल आदरच वाटतो. मग उत्साहाच्या भरात त्यांनी जाहीर केलं की दहा नाही, वीस गाद्या देतो.

"दहा बोलला होतात, दहाच द्या," ताई म्हणाल्या. "दंड देणगीत मिसळू नका."

सरिताला ताईंनी त्या घरी परत जायला सांगितलं नाही, विचारलं. दोन दिवसांची सुट्टी घेऊन ती आपणहून गेली. त्याआधी तिनं ताईंना विचारलं, "बड़ी दीदी, तुम्ही मला तरी का नाही सांगितलं?" ताई म्हणाल्या, "सांगायला हवं होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही. तुला त्रास झाला, ते माझ्याकडून झालं." पन्नास वर्षं हे काम केलेल्या बाईंनी आपल्या हाताखालच्या मुलीला असं सांगितलेलं मी पाहिलं, आणि माझ्या मनातला उरलासुरला राग त्या दिवशी गेला.

त्या गाद्या आता वस्त्यावस्त्यांतून फिरत आहेत. तंबोला यंदाही झाला. पत्रकावरचा मजकूर ताईंनी मुद्दाम 'खिळलेल्यांचा' असाच ठेवायला लावला, आणि प्रेसवाल्याला पेढे पाठवले. मला पाठवले नाहीत.

ताई, आपण पंच्याहत्तरी पूर्ण केलीत. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं असताना आपण रोज नऊच्या ठोक्याला गिरणीच्या वरच्या मजल्यावर हजर असता, त्याबद्दल आम्ही आपल्याला रागावू शकत नाही, कारण रागावण्याचे अधिकार आमच्या कंपनीत एकाच व्यक्तीकडे आहेत. आपला गुडघा बरा राहो, आवाज असाच खणखणीत राहो, आणि आपल्या वयाचं शतक आम्हाला आपल्याच तोंडून पुकारलेलं ऐकायला मिळो. आमच्या ऑफिसात दोन याद्या असतात, एक कर्मचाऱ्यांची, दुसरी पेशंटांची. आपलं नाव पहिल्या यादीत सर्वांत वर आहे. ते पुढची पंचवीस वर्षं तिथेच राहो, आणि दुसऱ्या यादीत लिहिण्याची वेळ माझ्यावर कधीही न येवो. होमकेअर कंपनीतल्या माणसानं कुणासाठी याहून जास्त काय मागावं?