मेंदूवडे

आमच्या भांडुपच्या इमारतीत बातमीला लिफ्ट लागत नाही. जिना चढता चढता ती वाढत जाते. लेक काय काम करते, असं तळमजल्यावर कुणीतरी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "रक्तातल्या पेशींपासून मेंदूचे बारके गोळे वाढवते." दुसऱ्या मजल्यावर मी मेंदू वळत होते आणि चौथ्यावर मेंदूवडे तळत होते. सेक्रेटरीच्या बायकोने सत्यनारायणासाठी एक घाणा सांगूनही ठेवला. सांबार घरचं हवं, म्हणाली.

तेच वडे कांदिवलीला आत्याच्या कानावर गेले, चटणीसकट. आणि मला नेमकं आत्याचं रक्त हवं होतं.

बाबांना कंपवात आहे. त्यांना चहा दिला की निम्मा बशी पिते, उरलेला लुंगी. रीतसर परवानग्या काढून त्यांच्या रक्तापासून आम्ही प्रयोगशाळेत गोळे वाढवले होते, मसुराच्या डाळीएवढे. पण त्यांत काय बिघडलंय हे कळायला शेजारी त्याच घरातले धडधाकट गोळे लागतात. बाबांना भावंड एकच, ही आत्या. ती सुईला इतकी भिते की तुटलेलं बटणसुद्धा लावायला शेजारी पाठवते.

"माझे वडे करतलंस?" दार उघडताच तिने विचारलं.

"वडे नाही गं आत्या. डाळीएवढा गोळा. पातळ खाऊत ठेवून वाढवायचा."

"आणि तेका माझा सगळा आठवतला? तुझ्या आयशीच्या आमटीक मी नावां ठेवलंय, ता?"

"तुझी एकही आठवण त्यात उतरत नाही."

आत्या गप्प झाली की कांदिवलीचे कावळे काळजीने खिडकीत डोकावतात.

"तेका दुखतला काय गो?"

थापांचा माझ्याकडे तुटवडा नाही. पण इथे एकही बाहेर येईना. "दुखणं कळायला जे लागतं ते त्याच्यात नाही, असं आम्ही आज धरून चालतो," मी म्हणाले. "छातीठोक नाही सांगणार."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"रविवारी तेका जेवूक कोण घालता?"

"मीच. खाऊ बदलायला जाते."

"सणासुदीक?"

"गणपतीतही गेले होते."

"मग घे रक्त."

रक्त देताना तिने डोळे मिटून शेजारी बसलेल्या बाबांचा हात घट्ट धरला.

"हलव नको रे."

"मी कुठे हलवतोय," बाबा म्हणाले, "तोच हलतो."

खाऊ सगळीकडून मिळावा म्हणून गोळे सतत डुलत ठेवावे लागतात. आता दोघांचे शेजारी शेजारी डुलतात. सत्यनारायणाला मी उडप्याकडचे वडे नेऊन दिले. इमारतीत माझ्या हाताची चव अजून वाखाणली जाते.

दर रविवारी आत्याचा फोन येतो.

"वडे जेवले?"

"जेवले."

"आणि माझो भाऊ?"

फोन मी बाबांकडे देते.