साठे सरांचं ब्लेड

कॉलेजात तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाकडं दुसरं काही असो-नसो, किस्से रग्गड असतात. आपण ते जमवायला जात नाही. वर्षाला चार-दोन आपोआप अंगाला चिकटतात आणि रिटायर झाल्यावर कळतं की पेन्शनीपेक्षा तेच जास्त साठलेत! आमची मंडळी संध्याकाळी बाकावर बसली की कुणीतरी हमखास म्हणतं, "फिजिक्सवाल्यांचं सांगा की एखादं!" मी एखादं सांगतो, सगळे हसतात, आम्ही घरी जातो.

एखादं सांगितलं तर हसू येतं, हे खरं. पण ते ज्या क्रमानं घडले त्या क्रमानं मी आजवर कधी सांगितले नाहीत. आज सांगतो.

नगर जिल्ह्यात राहात्याच्या पुढं, उसाच्या पट्ट्यात आमचं कॉलेज होतं. नाव राहू द्या. बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागेची गोष्ट. फिजिक्स डिपार्टमेंटमध्ये आम्ही दोघंच. साठे सर हेड आणि मी डेमॉन्स्ट्रेटर. वय तेवीस, नोकरी कच्ची.

* * *

साठे सर पुण्याहून आले ते पोरांना विचार करायला शिकवायचंच, असं ठरवून. पहिल्याच आठवड्यात ते लायब्ररीत गेले. फिजिक्सच्या टेक्स्टबुकाच्या बाराच्या बारा प्रती त्यांनी टेबलावर मांडायला लावल्या आणि खिशातून दाढीचं ब्लेड काढलं. पुस्तकाच्या शेवटी गणितांची उत्तरं असायची, सात-आठ पानं. ती त्यांनी एकेका प्रतीतून सफाईनं कापून काढली.

आमचे लायब्रेरियन नाना शेजारी उभे. जरा वेळ त्यांनी बघितलं, मग म्हणाले, "सर, पोरानं पान फाडलं तर आपन त्याचं कार्ड रद्द करतो."

"मग?"

"तुमचं तर कार्डच न्हाई अजून. आधी काढू, का आधी रद्द करू?"

साठे सर हसले नाहीत. ते म्हणाले, "नाना, मागे उत्तर छापलेलं असलं की मुलगा गणित सोडवत नाही. त्या उत्तरापर्यंत कसं पोचायचं एवढंच शोधतो."

मला ते वाक्य इतकं आवडलं की मी डायरीत लिहून घेतलं. डायरी अजून आहे. पान काढून टाकावं असं पुष्कळदा वाटलं.

* * *

आता लायब्ररीचं पुस्तक कोण वापरणार? ज्याच्याकडं स्वतःचं नाही तो. ज्यांची ऐपत होती त्यांनी नगरहून नवं पुस्तक आणलं, मागच्या पानांसकट. कॉलेजच्या कमिटीवर असलेल्या एका बागायतदाराचा मुलगा, राजेंद्र, त्याच्याही पुढं गेला. त्यानं पुण्याहून सोल्युशनचं पुस्तकच मागवलं. प्रत्येक गणित पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत सोडवलेलं! त्याला ब्राउन पेपरचं कव्हर घालून तो ते वर्गात उघड घेऊन बसायचा.

साठे सर त्याच्या वहीवर लाल शाईनं लिहायचे, "स्वतंत्र विचार. उत्तम."

एकदा ट्यूटोरियलच्या वह्या तपासताना मी तिथंच होतो. राजेंद्रच्या वहीत एका गणिताखाली इंग्रजीत लिहिलेलं होतं, "ही पायरी कशी आली त्यासाठी पान १४७ पाहा."

सरांनी विचारलं, "राजेंद्र, हे पान १४७ कशाचं?"

"माझ्याच वहीचं, सर."

वही होती शंभर पानी!

सरांनी वही उलटी केली, मागचं कव्हर बघितलं, परत सुलटी केली. त्यांना कळलं नाही असं कसं म्हणू? माझ्याकडं एकदा पाहिलं त्यांनी. मग पेनाचं टोपण काढलं आणि सही केली.

* * *

महादेव हा पाथर्डीकडचा. तिकडं पाण्याची बोंब. आईबाप दर साली ऊस तोडायला आमच्या पट्ट्यात यायचे, त्यांच्यामागं हा लहानपणी इकडं आलेला. कारखान्याजवळच्या शाळेत शिकला, मॅट्रिकला तालुक्यात वर आला आणि सायन्सला आला. फीमाफीवर. अंगात एक खाकी शर्ट, हातात लायब्ररीचं पुस्तक.

प्रॅक्टिकलला पोरं लंबक घेऊन गुरुत्वाकर्षणाचं 'जी' काढत होती. पुस्तकातलं उत्तर ९७८-९८०. वर्गातल्या चाळीसजणांचं ९७९ च्या आसपास आलं. महादेवचं आलं ९४६.

साठे सरांनी लाल शाईत लिहिलं, "रिपीट."

त्यानं पुन्हा केलं. ९४४. रिपीट. पुन्हा केलं. ९४७. रिपीट!

तो माझ्याकडं आला. "सर, म्या धा येळा मोजलं. दोरी मोजली, गोळा मोजला. दुसरं येतच न्हाई."

मी स्टॉपवॉच घेऊन माझ्या मनगटी घड्याळाशी ताडून पाहिलं. स्टॉपवॉच मिनिटाला सेकंदभर पुढं पळत होतं. हिशेब केला, त्या वॉचवर ९४६ हेच बरोबर! डिपार्टमेंटमध्ये चालू वॉच तेवढं एकच. सगळ्या पोरांनी तेच वापरलेलं.

मी धावत साठे सरांकडं गेलो. "सर, आपलं वॉच चुकीचं आहे."

सर शांतपणे म्हणाले, "वॉच चुकीचं असेल, तर बाकीच्या चाळीसजणांचं उत्तर बरोबर कसं आलं?"

चाळीसजणांनी ९७९ वरून उलटा हिशेब करून रीडिंगं लिहिली होती, हे पोरांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, टेबलावर चढलेल्या झुरळालाही ठाऊक असेल!

बाहेर येऊन मी महादेवला म्हणालो, "९७९ लिहून टाक."

उत्तर सांगायचं नाही असा कडक नियम असलेल्या त्या डिपार्टमेंटमध्ये मी पोराला दिलेलं ते एकमेव उत्तर.

* * *

स्टाफरूममध्ये ह्यावर वाद व्हायचाच. केमिस्ट्रीचे शेख सर गणितं घालायचे आणि आठवड्यानं सगळी उत्तरं बोर्डावर लावायचे. साठे सरांना ते खपायचं नाही.

"शेख, तुम्ही पोरांना पांगळं करताय."

शेख सर चहा फुंकत म्हणाले, "आधी सोडवतात, मग बघतात. कुठं चुकलं ते बघायला उत्तर तर लागणार ना?"

"चूक दाखवायला शिक्षक असतो!"

"मग दाखवता का?"

साठे सरांनी वर्तमानपत्र उघडलं. मी माझ्या कपाकडं बघत राहिलो. शेख सर उठता उठता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू तरी दाखवत जा रे बाबा."

मी मान हलवली. मान हलवायला काय जातं?

* * *

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. दिवाळीच्या सुट्टीत पोरं घरी गेली ती दुष्काळी कामावर. महादेवनं गावाकडच्या रस्त्यावर खडी फोडली. बाकीचे दुपारी बाभळीखाली आडवे व्हायचे, तेव्हा हा लायब्ररीचं पुस्तक घेऊन बसायचा. सुट्टी संपवून आला तेव्हा हाताच्या तळव्यांना फोड आणि बगलेत एक वही. भिंगांचं अख्खं प्रकरण त्यानं सोडवलं होतं, वर जुन्या पेपरांतली गणितंही. एकूण सत्तर!

डिपार्टमेंटमध्ये येऊन त्यानं वही साठे सरांपुढं ठेवली. "सर, येवढं बरोबर हाय का बघता का?"

सरांनी वही उघडली नाही. प्रेमानंच बोलले, खोटं कशाला सांगू. "महादेव, निसर्ग पुस्तकाच्या मागे उत्तरं छापत नाही. शास्त्रज्ञाला कोण सांगायला येतं, तुझं बरोबर आलं म्हणून?"

महादेव म्हणाला, "सर, म्या शास्त्रज्ञ न्हाई. म्या फर्स्ट इयरला हाय."

हा किस्सा मी बाकावर सांगतो तेव्हा मंडळी इथं टाळ्या देतात. त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं. सरांनी वही त्याच्याकडं सरकवली आणि घड्याळात पाहिलं.

* * *

तो तिथून निघाला आणि व्हरांड्यात मला गाठलं.

"सर, तुमी बघा. समदी नगं, पहिलं एकच बघा. बरोबर का चूक, येवढंच सांगा."

माझा कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट त्याच आठवड्यात जायचा होता. तो लिहिणार साठे सर. नोकरी पक्की होणार की नाही ते त्यावर. आणि सरांच्या खोलीचं दार उघडंच होतं.

मी म्हणालो, "सर नाही म्हणाले ना? मग माझ्यापुढं कशाला आणतोस?"

मोठ्यानं म्हणालो. आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

तो "बरं," म्हणाला, आणि वही शर्टाच्या आत घालून गेला. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत त्यानं मला काही विचारलं नाही. समोरून आला की नमस्कार मात्र करायचा, तेवढाच वाकून.

माझी नोकरी पक्की झाली. रिपोर्टात सरांनी लिहिलं होतं, "शिस्तप्रिय."

* * *

जूनमध्ये निकाल लागला. राजेंद्र फर्स्ट क्लासात. महादेव फिजिक्समध्ये चार मार्कांनी नापास. नापास झाला की फीमाफी गेली. फीमाफी गेली की त्याच्यासारख्याचं कॉलेजही गेलं.

साठे सरांनी यादीवरून बोट फिरवलं. "मेहनती होता. पण मुळात समज कमी."

दोन दिवसांनी महादेव कॉलेज सोडल्याचा दाखला न्यायला आला. ऑफिसातून दाखला घेतला आणि लॅबच्या दारात येऊन उभा राहिला. मी एकटाच होतो. साठे सर पुण्याला गेलेले.

"सर, येक इचारू?" तीच वही त्याच्या हातात. "पेपरात भिंगाची दोन गणितं हुती. मला तर दोन्ही येत हुती. मग गेलं कुठं?"

आता घाबरायचं काही कारण नव्हतं. मी वही घेतली, उघडली.

पहिलं गणित. भिंगाचं नाभीय अंतर वीस सेंटिमीटर, वस्तू तीसवर, प्रतिमा कुठं पडेल? त्यानं काढलं होतं बारा. खरं उत्तर साठ. कॉलेजच्या सूत्रात वस्तूचं अंतर उणे धरायचं असतं. शाळेतल्या पुस्तकाची रीत वेगळी होती, त्या सवयीनं त्यानं ते अधिक धरलं होतं. बस. एवढंच.

दुसरं गणित बघितलं. तीच चूक. तिसरं. दहावं. चाळिसावं. सत्तरच्या सत्तर! सुंदर अक्षर, प्रत्येक पायरी आखून, उत्तराखाली दोन रेघा. एकाही ठिकाणी आकडेमोड चुकलेली नाही. पहिल्याच गणिताचं उत्तर साठ आहे एवढं जरी कुणी सांगितलं असतं, तरी ह्या पोरानं चूक स्वतः शोधून काढली असती. पुढची एकोणसत्तर बिनचूक आली असती.

मी त्याला उणे-अधिकचं सांगितलं. त्याला पटेना. "बारा न्हाई येत? कसं न्हाई येत?"

मी उठलो. भिंतीलगतचं कपाट उघडलं, वीस सेंटिमीटरचं भिंग काढून स्टँडला लावलं. खिडक्या लावून घेतल्या. तीसवर मेणबत्ती पेटवून ठेवली आणि पांढरा पुठ्ठा त्याच्या हातात दिला. "शोध तूच."

त्यानं पुठ्ठा बारावर धरला. नुसता पिवळा डाग. थोडा मागं, थोडा पुढं. पुन्हा बारावर आणला, तिथं बराच वेळ धरून ठेवला. मग हळूहळू मागं नेत गेला. तीस. चाळीस. पन्नास. साठवर ज्योत उमटली. उलटी, मोठी, काठ अगदी स्पष्ट. पुठ्ठ्यावर हलत होती.

तो बघत राहिला. पट्टीवर अंतर वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"दोन मिंटाचं काम हाय की," म्हणाला.

"हो."

"हे भिंग वर्षभर ह्याच कपाटात हुतं?"

"हो. दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलचं आहे ते."

"चावी कुनाकडं असती?"

"माझ्याकडं."

त्यानं पुठ्ठा टेबलावर ठेवला, चिमटीनं मेणबत्ती विझवली. भिंग स्टँडवरून सोडवलं, शर्टाच्या टोकानं दोन्ही बाजूंनी नीट पुसलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"ठिवा सर," म्हणाला. "कुलूप लावा."