आबांनी ठेवलेलं जादा लोखंड

आबांच्या हातात काहीही द्या, ते आधी उलटं करून बघत आणि विचारत, "हाई बाहेर कसं निंघी?" मूळचे नामपूरचे, त्यामुळे विचारात पडले की अहिराणी यायची. प्लास्टिकच्या वस्तूंचे लोखंडी साचे बनवण्यात त्यांची हयात गेली. गरम प्लास्टिक साच्यात कुणीही भरेल, पण गार झाल्यावर ते सुटून आलं पाहिजे, हा त्यांचा सगळा धर्म. मी इंदिरानगरात फ्लॅट घेतला, तेव्हा चहाच्या आधी त्यांनी जिना पाहिला. "साहेब, कपाट आतच जोडून घेतलंत. बाहेर कसं निंघी?" फ्लॅट विकताना ते कपाट मला घेणाऱ्याला भेट द्यावं लागलं.

अंबडच्या ज्या कारखान्यात आबा साचे बनवत, तिथं मी डिझाइनचा साहेब. दोन हजार सालानंतर केव्हातरी पुण्याच्या एका प्रदर्शनात लेसरचं मशीन पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. पावडरीवर लेसर फिरतो, फिरेल तिथं पावडर वितळून चिकटते, थरावर थर चढून वस्तू तयार. साच्याची गरज नाही, म्हणजे आबांचीही नाही. परत आल्यावर जेवणाच्या सुट्टीत मी टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनतात तिथं, भाषण ठोकलं, की पाच वर्षांत तुमचे साचे भंगारात जाणार. भर मे महिन्यात गळ्यात टाय होता. आबा शांतपणे भाकरी खात ऐकत होते.

नव्या गिऱ्हाइकासाठी मीटरच्या झाकणाचा नमुना मी लेसरवर करून आणला. भिंती अगदी सरळ, काटकोनात. आबांनी तो ओठावरून फिरवला, खरखर तपासायची त्यांची ती रीत होती. "रवा लागतो," म्हणाले. मग उलटा केला. "एक-दोन नग पाहिजेत तर याला तोड नाही, साहेब. पावडर झटकली की काम झालं, कशातून सुटायचं नाही. पण हजारानं लागणार ते साच्यातूनच पडणार ना? भिंतींना थोडा उतार द्या. बादली बघा, कुल्फीचा साचा बघा."

"आबा, गिऱ्हाइकानं नमुना पास केलाय. ड्रॉइंगप्रमाणेच करा," मी म्हणालो आणि ड्रॉइंगवर झोकात सही केली.

साचा तयार झाला, तेव्हा ट्रायलला कारखान्याचे मालक, शेठ आले. पेढे मीच आणले होते. मशीन उघडलं आणि झाकण साच्याच्या मधल्या ठोकळ्याला असं घट्ट बसलेलं, की तिथंच जन्म काढणार. मी स्क्रू ड्रायव्हर घातला, अर्धं हातात आलं.

"उतार का नाही दिला? चूक कुणाची?" शेठनी विचारलं. नवा ठोकळा करायचा म्हणजे महिना, म्हणजे ऑर्डर गेली आणि पाठोपाठ माझी नोकरी. मी ड्रॉइंगकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कुणी काढलंय.

"माझं काम बाकी आहे, शेठ," आबा म्हणाले. "घाई झाली. दोन दिवस द्या."

शेठ त्यांना सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले. मी पेढ्यांचा बॉक्स धरून उभा होतो. आजही आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

शेठ गेल्यावर आबांनी माझ्या हातात जाडी मोजायचा व्हर्निअर दिला. "मोजा." ठोकळा ड्रॉइंगपेक्षा जाड भरला. घासून उतार काढता येईल एवढं लोखंड त्यांनी सगळीकडून जादा ठेवलं होतं.

"ड्रॉइंग पाहिलं तेव्हाच कळलं होतं. तुम्ही काही ऐकणार नव्हतात. मग तुमच्या चुकीला जागा ठेवली."

तिसऱ्या दिवशी झाकणं टपाटप पडू लागली. गिऱ्हाइकाला तो उतार दिसलाही नाही.

शेठना खरं सांगायचं मी रोज ठरवायचो. चार वर्षं ठरवलं. शेवटी आबा निवृत्त झाले, त्या निरोपाच्या दिवशी बोलायला उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की ती चूक माझी होती. मला वाटलं, आता सभा हादरणार.

शेठ वेफर्स खात होते. "अरे, ड्रॉइंगवर सही तुझीच होती ना. मी त्याच संध्याकाळी पाहिली." टूलरूममधले सगळे हसायला लागले. त्यांनाही पहिल्यापासून ठाऊक होतं.

"मग बोलला का नाहीत कुणी?"

शेठनी आबांकडे बोट दाखवलं. "यांनी बोलू दिलं नाही. म्हणाले, तो स्वतः सांगेल, त्याला वेळ द्या."

आबा मान खाली घालून समोसा मोडत होते. मला चार वर्षं लागली. तेवढी जागा त्यांनी ठेवली होती.