अण्णांचं देहदान आणि माझं व्याख्यान

सासूबाईंचं मन वळवायला म्हणून मी त्यांना शवविच्छेदनाचा इतिहास सांगितला. तोही जेवताना.

झालं असं, की अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, देहदान करायचं ठरवलं होतं. बनशंकरी भागातल्या त्यांच्या घराजवळच्या एका मेडिकल कॉलेजात ते चौकशीही करून आले होते. पण सासूबाई 'नाही' म्हणाल्या आणि त्यांच्या होकाराशिवाय अण्णा पुढे जाणार नव्हते. हे घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतलं. तिथे जावयाचा शब्द सहसा मोडत नाहीत. म्हणून बायकोने मला, पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या जावयाला, पुढे केलं. "तू फक्त 'चांगली गोष्ट आहे' एवढंच म्हण," तिने बजावलं.

एवढंच म्हणायला का मी इतके व्हिडिओ पाहिले होते?

पहिला भात वाढताच मी सुरू झालो. आपले जुने वैद्य प्रेत गवतात गुंडाळून पाण्यात ठेवायचे, ते मऊ झालं की कुंचल्याने एकेक थर खरवडून आतलं पाहायचे, हे मी सार-भात कालवत सांगितलं. बायकोने टेबलाखालून लाथ मारली. मी ते उत्तेजन समजलो आणि थेट युरोपात पोचलो.

"तिकडे तर आई, त्यासाठी गोल थिएटरं होती. मध्ये प्रेत, भोवती लोक. तिकीट काढून यायचे!"

सासूबाईंच्या हातातली पळी थांबली. "तिकीट?"

"हो ना! कुठे कुठे वाद्यंसुद्धा वाजायची."

"सगळ्यांसमोर? असं… उघडं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सासूबाईंना चाकूची भीती नव्हती. अण्णा भारी लाजाळू. बनियनवर असले तर कुरिअरवाल्यालाही दार उघडत नाहीत. त्यांना परक्या पोरांनी उघडं पाहून हसावं, हे बाईंना सोसणार नव्हतं. आणि मी वर वाद्यं लावून दिली होती.

अण्णा हळूच म्हणाले, "अगं, आता तसं नसतं. मी विचारलंय. अंग झाकलेलं असतं. शिकायचं तेवढंच उघडतात. पहिल्या दिवशी मुलं हात जोडून उभी राहतात."

"हसत नाहीत?"

"हसला की वर्गाबाहेर."

"फोटो?"

"फोन बाहेर ठेवायचे."

"तुम्हाला लाज नाही वाटणार?"

"मेल्यावर कसली लाज?"

"तुम्हाला नसेल. मला आहे ना," म्हणत त्यांनी पदराने डोळे टिपले. अण्णांनी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. मीसुद्धा खाली मान घालून भात खाल्ला, म्हणजे बघा.

"सरी, बरं," शेवटी त्या म्हणाल्या. "द्या. पण कापड स्वल्प मोठं घ्यायला सांगा."

अण्णांचा चेहरा उजळला. माझाही. "बघा, नीट समजावून सांगितलं की पटतं," म्हणत मी ताकासाठी वाटी पुढे केली.

सासूबाईंनी ताक वाढलं आणि त्या अण्णांकडे वळून म्हणाल्या, "कॉलेजवाल्यांना विचारा हो, जावईबापूंचं नुसतं तोंड आत्ताच नेतात का."